तीन रंग, एकच चव

ज्या खेळात कथा खेळणाऱ्याच्या निर्णयांनुसार वळते, त्या खेळाच्या शेवटाकडे त्या निर्णयांचा हिशेब मागितला जाणे स्वाभाविक असते; आणि तो चुकता झाला नाही असे वाटले की रसिकाच्या हळहळीला फसलेल्या गिऱ्हाइकाच्या संतापाची धार कशी चढते, हे २०१२ साली ‘मास इफेक्ट ३’ या व्हिडिओ गेमच्या शेवटावरून उठलेल्या वादळात दिसले.

कॅनडातील बायोवेअर कंपनीच्या या अंतराळकथेचे तीन भाग २००७, २०१० आणि २०१२ साली आले. खेळणाऱ्याच्या निर्णयांची नोंद साठवणारी ‘सेव्ह फाइल’ एका भागातून पुढच्या भागात नेता येत असे. त्यामुळे पहिल्या भागात रेक्स हा योद्धा वाचला असेल तर तिसऱ्या भागात त्याच्या जमातीचे नेतृत्व त्याच्याकडेच दिसे, आणि तो मारला गेला असेल तर त्याच्या जागी त्याचा भाऊबंद रीव्ह उभा असे. पाच वर्षे अशा नोंदी जपलेल्या खेळाडूसमोर अखेरीस एका लहान मुलाच्या रूपातील यांत्रिक बुद्धी येते आणि, लढाईची पुरेशी तयारी झालेली असल्यास, तीन वाटा मांडते: ‘रीपर’ या यंत्ररूपी शत्रूंचा नाश, त्यांच्यावर ताबा, किंवा सजीव आणि यंत्र यांचे एकीकरण. मूळ आवृत्तीत कोणतीही वाट धरली तरी पुढची दृश्ये बव्हंशी तीच राहत, आणि स्फोटाचा रंग तेवढा लाल, निळा किंवा हिरवा होई.

निषेधाचे सर्वांत मार्मिक रूप खाद्यपदार्थाचे होते. चाहत्यांनी वर्गणी काढून कंपनीला ४०० कपकेक पाठवले, ज्यांवरील थर तीन रंगांचे असले तरी चव मात्र सगळ्यांची एकच होती. समीक्षेचे कित्येक लेख जे सांगू शकले नसते ते या खोक्यांनी सांगितले. ‘रीटेक मास इफेक्ट’ या मोहिमेने रुग्णालयांतील मुलांसाठी काम करणाऱ्या ‘चाइल्ड्स प्ले’ या संस्थेकरिता ८०,००० डॉलरहून अधिक निधी जमवला. काहींनी तर हा शेवट खराच नाही, नायक शेपर्डच्या मनावर रीपरांनी मिळवलेल्या ताब्याचा तो भास आहे, असा पुरावे जोडलेला सिद्धांत रचला. निराशेतून इतकी बारकाईची संहिताचिकित्सा निघावी, हे कौतुकास्पदच म्हणावे लागेल.

जून २०१२ मध्ये कंपनीने ‘एक्स्टेंडेड कट’ ही वाढीव आवृत्ती विनामूल्य दिली. तीत निर्णयांचे परिणाम सांगणारी दृश्ये जोडली गेली, मूळ तीन वाटा तशाच ठेवल्या गेल्या आणि त्या मुलाचे काहीच न मानण्याची चौथी वाट उघडली. मात्र ती निवडताच युद्ध हरले जाते आणि रीपर जिंकतात, त्यामुळे ही आपल्यालाच मारलेली कोपरखळी आहे, असे काही खेळाडूंनी मानले.