चुका जास्त, तरी टीम चांगली?

ज्या टीमचं आपसांत छान जमतं, तिथे रुग्णाला औषध देताना चुका कमी होत असतील, असा संशोधक एमी एडमंडसन यांचा अंदाज होता. अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांतल्या ८ विभागांत त्यांनी प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि चुकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. निकाल उलटाच! चांगल्या टीमच्या नावावरच जास्त चुका होत्या.

मग एका सहायकाला, हे निकाल न सांगता, त्याच विभागांत निरीक्षणासाठी पाठवलं आणि उलगडा झाला. चांगल्या टीममध्ये ‘डोस चुकला’ हे लगेच सांगितलं जाई. इतरत्र बोलणी बसतील या धाकाने लोक गप्प राहत. हा अभ्यास १९९६मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एडमंडसन यांनी एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीममध्ये असं मोकळं वातावरण किती आहे, हे सात विधानांच्या प्रश्नावलीने तपासलं. ‘इथे झालेली चूक माणसाला कायमची चिकटते’, ‘सहकाऱ्याकडे मदत मागणं जड जातं’, अशा धर्तीची ती विधानं होती.

व्यक्तिमत्त्व चाचण्यांपेक्षा मला अशी मोजणी जास्त मोलाची वाटते, कारण ती एकेका माणसाला नव्हे, टीमच्या वातावरणाला गुण देते. मात्र नावं गुप्त हवीत आणि नुसत्या सरासरीवर विसंबू नये. समजा, जुन्यांनी भरभरून गुण दिले आणि नव्यांनी हात आखडता घेतला, तर सरासरी ठीकच दिसेल. अशा वेळी पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांनी शेवटी बोलावं, नव्यांना आधी बोलू द्यावं आणि काही महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत.