लेकराची वेदना आणि पालकांची परीक्षा

मोठ्या माणसाला दुखू लागले, की ते कोठे, केव्हापासून आणि कसे दुखते हे तो सांगू शकतो. तीन-चार वर्षांच्या मुलाकडे यासाठी शब्द नसतात. ते रडते, पाय पोटाशी घेते, जेवण नाकारते किंवा अचानक गप्प होते. घसा सुजला तरी ते 'पोट दुखतंय' म्हणते आणि फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया झाला तरी हात पोटावरच ठेवते. डॉक्टरांनी तपासले, रक्त-लघवीचे अहवाल निर्दोष आले आणि तरीही मुलाचे दुखणे थांबले नाही, की आईवडिलांची खरी परीक्षा सुरू होते. तालुक्याचे गाव वीस-पंचवीस किलोमीटर दूर, दवाखान्यात जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडणार आणि घरात 'दृष्ट लागली' म्हणणारे व 'शाळा चुकवायचे सोंग आहे' म्हणणारे असे दोन पक्ष. धाराशिव जिल्ह्यातील अनेक घरांना हे चित्र परिचयाचे आहे.

मुलाच्या वेदनेवर अविश्वास दाखवण्यात केवळ घरची माणसेच पुढे होती असे नाही. तान्ह्या बाळांची मज्जासंस्था अपरिपक्व असल्याने त्यांना वेदना जाणवत नाहीत, असा समज विसाव्या शतकात बराच काळ वैद्यकातही होता. १९८५ साली अमेरिकेत जेफ्री लॉसन या अपुऱ्या दिवसांच्या बाळावर हृदयाजवळील रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी त्याला हालचाल थांबवणारे औषध दिले होते, वेदनाशामक मात्र दिले नव्हते. बाळ दगावल्यानंतर आई जिल लॉसन यांना हे समजले आणि त्यांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. १९८७ मध्ये भारतीय वंशाचे डॉ. कंवलजीत सिंग आनंद आणि त्यांच्या ऑक्सफर्डमधील सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेवेळी प्रभावी वेदनाशामक मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावरील ताण कमी राहतो, हे त्यातून दिसले. वेदनाविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्या टिपांत स्पष्ट नोंदवले, की बोलून सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असे मानता येणार नाही. मूल दुखते म्हणत असेल तर ते दुखते, हे पालकांनी आधी स्वीकारावे. कारण शोधणे हा त्यापुढचा भाग झाला.

वाट पाहू नये अशी दुखणी

काही वेदनांमध्ये सकाळपर्यंत थांबणेही धोक्याचे ठरते. त्यात पहिली मण्यारच्या दंशाची. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावतो. दंशाच्या जागी फारसे दुखत नाही, सूज येत नाही, पुष्कळदा दाताची खूणही दिसत नाही. मूल मध्यरात्री किंवा पहाटे पोट दुखते म्हणून उठते, उलटी करते. काही वेळाने पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणे अस्पष्ट होते आणि पुढे श्वास मंदावतो. अपचन समजून ओवा देण्यात गेलेला वेळ येथे जिवावर बेतू शकतो. शेतातल्या वस्तीवर किंवा ऊसतोडीच्या कोपीत जमिनीवर झोपणाऱ्या मुलाच्या अशा पोटदुखीत सर्पदंशाची शंका घ्यावी आणि प्रतिसर्पविष देता येईल अशा रुग्णालयात त्याला तातडीने न्यावे. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपवणे हा साधा आणि उपयोगी बचाव आहे.

दुसरा शत्रू लाल विंचू. मूल एकाएकी किंचाळून रडू लागले, त्याला दरदरून घाम फुटला, हातपाय गार पडले आणि उलट्या होऊ लागल्या, तर विष हृदयावर परिणाम करीत असण्याची शक्यता असते. जालना जिल्ह्यातील देहेडचे सुपुत्र डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात काम करताना या विषावर प्राझोसिन हे औषध गुणकारी असल्याचे दाखवून दिले. या कार्यासाठी त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

पाच महिने ते तीन वर्षे वयाचे बाळ दर काही मिनिटांनी पाय पोटाशी ओढून कळवळत असेल, मधल्या वेळात मलूल पडत असेल आणि शौचातून रक्तमिश्रित आव पडत असेल, तर आतड्यात आतडे शिरलेले असू शकते. बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारी आणि चालताना वाढणारी कळ अपेंडिक्सची असू शकते. मुलग्याच्या पोटदुखीत वृषणाला पीळ पडला आहे का, हेही पाहावे लागते. मुलगा लाजेने सांगत नाही आणि सुमारे सहा तासांनंतर ते वृषण वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते.

पुन्हा पुन्हा येणारे दुखणे

यांखेरीज दुसरा मोठा वर्ग आहे तो महिनोन्‌महिने येत-जात राहणाऱ्या वेदनेचा. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅप्ली यांनी १९५८ मध्ये एक हजार शाळकरी मुलांच्या पाहणीत सुमारे दहांपैकी एका मुलाला वारंवार पोटदुखी होत असल्याचे नोंदवले. यातील बहुसंख्य मुलांत कोणताही अवयव बिघडलेला नसतो. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितकी शारीरिक विकाराची शक्यता अधिक, हा त्यांचा आडाखा आजही सांगितला जातो. आतडे आणि मेंदू यांच्यातील मज्जातंतूंचे जाळे अतिसंवेदनशील झाले, की नेहमीची हालचालही कळ बनून जाणवते. वेदना खरी असते, ती तपासणीच्या कागदावर उमटत नाही इतकेच. बद्धकोष्ठता हे एक नेहमीचे आणि दुर्लक्षित कारण. शाळेत स्वच्छतागृह धड नसल्याने शौच दाबून धरणारी मुले, विशेषतः मुली, याला बळी पडतात. जंतांचाही विचार करावा लागतो. परीक्षेची धास्ती, घरातील भांडण, आईवडील ऊसतोडीला गेल्यामुळे झालेली ताटातूट यांचाही भार मुलाच्या पोटावर येतो. एखाद्या ठरावीक व्यक्तीकडे वा ठिकाणी जायचे म्हटले की दुखू लागत असेल, तर मुलाला कोणी त्रास देत नाही ना, हे विश्वासात घेऊन विचारावे. अशा वेळी १०९८ ही बालमदतवाहिनी उपलब्ध आहे.

पायांचेही तसेच. तीन ते बारा वर्षांच्या मुलांना सायंकाळी वा रात्री दोन्ही मांड्या, पोटऱ्या व गुडघ्यांमागे दुखते. पाय चेपले की बरे वाटते आणि सकाळी मूल पुन्हा उड्या मारू लागते. यांना 'वाढीच्या वेदना' म्हणतात. वाढीच्या वेगाशी त्यांचा थेट संबंध सिद्ध झालेला नसला तरी त्या निरुपद्रवी असतात. मात्र एकाच पायात दुखणे, लंगडणे, सांध्याला सूज, सकाळचा ताठरपणा, रेंगाळणारा ताप, घटते वजन, फिकट पडलेला चेहरा किंवा मार न लागता अंगावर उठणारे काळे-निळे डाग यांपैकी काहीही आढळले, तर तपासणी टाळू नये. रक्ताच्या कर्करोगाची सुरुवात काही मुलांत हाडांच्या दुखण्यानेच होते. बार्शी येथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या देशातील पहिल्या ग्रामीण कर्करोग नोंदणी केंद्राच्या कार्यक्षेत्रात शेजारच्या भूम व परंडा या तालुक्यांचा समावेश आहे. हा आजार केवळ शहरांचा नाही, याची जाणीव या भागात जुनी आहे.

घरी काय करावे?

तपासणीत गंभीर काही नाही असे ठरल्यावर पालकांचे काम संपत नाही. एका वहीत दुखण्याची वेळ, जागा, आदल्या दिवशीचे खाणे, शौच, झोप आणि शाळेतील घडामोडी लिहाव्यात. दोन-तीन आठवड्यांची अशी नोंद डॉक्टरांना महागड्या तपासणीइतकी उपयोगी पडू शकते. 'एका बोटाने दाखव' असे मुलाला सांगावे, हसऱ्या ते रडव्या चेहऱ्यांची चित्रे काढून 'तुझं दुखणं यातलं कोणतं?' असे विचारावे. पण दर घटकेला 'अजून दुखतंय का?' असा धोशा लावू नये. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पालकांनी सतत विचारपूस केलेल्या मुलांच्या तक्रारी वाढल्या, तर मन दुसरीकडे वळवलेल्यांच्या कमी झाल्या. पोटाला शेक देणे, गोष्ट सांगणे, शाळा शक्यतो न चुकवणे हे उपाय साधे असले तरी परिणामकारक आहेत. वेदनाशामक औषध मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांना विचारूनच द्यावे. तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. दृष्ट काढल्याने आजीच्या मनाला शांतता मिळत असेल तर त्यावरून वाद नको, परंतु बिब्बा घालणे किंवा डाग देणे ही मुलाला दिलेली दुसरी वेदना ठरते.

मदतीच्या जागाही माहीत असाव्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात. तेथे ही वही दाखवता येते. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन 'भारतवैद्य' घडवले. घराजवळच्या जाणत्या बाईला आधी विचारता येणे किती मोलाचे असते, हे त्या कामाने दाखवले. आशा कार्यकर्तीकडूनही कोठे जावे याची दिशा मिळू शकते. रात्री-अपरात्री रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. दवाखान्यात पोहोचल्यावर मुलाला आईच्या मांडीवरच बसू द्यावे आणि डॉक्टरांना पहिले वाक्य सांगावे ते नेहमीपेक्षा काय वेगळे दिसते याचे. रोज अंगणात धावणारे मूल आज कुशीतून उठत नाही, हे प्रथम आईच्या लक्षात येते आणि तपासणीची दिशा अनेकदा तेथूनच ठरते.