‘कमी घातक’ म्हणजे नेमके किती घातक?

गेल्या महिन्यात आम्ही बजाजनगरला आपांकडे जेवायला गेलो होतो. मगरिबची नमाज झाली, जेवणे आटोपली, दस्तरखान उचलला गेला आणि भाचा गॅलरीत गेला. थोड्या वेळाने आत आंब्याचा गोड वास दरवळला. हंगाम तर नाही, मग आंबा कुठून आला? बाहेर जाऊन पाहिले तर त्याच्या हातात पेनड्राइव्हएवढी एक चपटी वस्तू होती. आम्हाला पाहून तो ओशाळला, पण लगेच म्हणाला, “मामू, ही सिगारेट नाही. यात धूर नसतो, वाफ असते. सिगारेटपेक्षा पंच्याण्णव टक्के कमी घातक आहे. लॅबमध्ये टेस्ट झालंय.”

भाचा चोवीस वर्षांचा. वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. पहिली, दुसरी, तिसरी अशा पाळ्या आलटून पालटून करतो. रात्रपाळीत जागे राहण्यासाठी सिगारेट लागली आणि ती सुटावी म्हणून त्याने ही वस्तू धरली. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला ओरडावे असे आम्हाला वाटले नाही. पण “टेस्ट झालंय” हे शब्द ऐकून आम्हाला आमचे मरहूम अब्बा आठवले.

अब्बा आधी बिडी ओढत. बिडीने खोकला होतो म्हणून ते फिल्टरच्या सिगारेटवर आले. पुढे कोणीतरी सांगितले की ‘लाइट’ सिगारेट छातीला सौम्य असते, म्हणून लाइटवर आले. प्रत्येक वेळी त्यांना वाटे की आपण एक पायरी खाली उतरलो. शेवटी डॉक्टरांना त्यांच्या छातीत गाठ सापडली तेव्हा त्यांच्या उशाशी लाइटचेच पाकीट होते. त्या पाकिटावरचे आकडेही प्रयोगशाळेतूनच आलेले होते. मग चूक कुठे झाली? भाच्याला उत्तर देण्याआधी आम्ही हा विषय नीट वाचून काढला. जे समजले ते आमच्या वाचक बहिणी-भावांपुढे ठेवत आहोत.

यंत्राने ओढलेली सिगारेट

सिगारेटचा धूर तपासायचा तर तो आधी गोळा करावा लागतो. त्यासाठी सिगारेट ओढणारे यंत्र असते. ते दर मिनिटाला एक झुरका घेते. झुरका ३५ मिलिलिटरचा आणि दोन सेकंदांचा. धूर एका गाळणीच्या चकतीवर अडवतात. चकतीवर जे साठते त्यातून पाणी आणि निकोटिन वजा केले की उरते ते टार.

लाइट सिगारेटच्या फिल्टरभोवती डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी बारीक छिद्रे असत. यंत्र झुरका घेई तेव्हा त्या छिद्रांतून बाहेरची हवा आत येई, धूर पातळ होई आणि टारचा आकडा खाली येई. माणूस मात्र तशी सिगारेट ओढत नाही. त्याच्या बोटांनी आणि ओठांनी छिद्रे झाकली जातात. निकोटिन कमी पडले की तो खोल झुरका घेतो, नाहीतर एक सिगारेट जास्त ओढतो.

बजाजनगरच्या माणसाला हे लगेच कळेल. पीयूसी केंद्रावर गाडी स्टँडवर उभी असते आणि सायलेन्सरमध्ये नळी घालून आकडा घेतात. तीच गाडी तिघांना बसवून चढावर न्या, मग सायलेन्सरकडे बघा. आकडा खोटा नसतो. तो उभ्या गाडीचा असतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ मध्ये सर्व अभ्यास तपासून सांगितले की लाइट सिगारेटने लोकांच्या आरोग्याला फायदा झालेला नाही. युरोपीय संघाने २००३ मध्ये आणि अमेरिकेने २०१० मध्ये पाकिटावर ‘लाइट’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. पुढे चाचणीसाठी कडक पद्धतही आली. तिच्यात ५५ मिलिलिटरचा झुरका दर अर्ध्या मिनिटाला घेतात आणि छिद्रे बुजवलेली असतात. पण तोवर अब्बांसारखे कितीतरी लोक त्या जुन्या आकड्यावर विसंबून राहिले होते.

तपासणीच्या पायऱ्या

व्हेप असो, तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणे असोत, की आणखी काही, ‘कमी घातक’ हा दावा तपासण्याच्या साधारण पाच पायऱ्या आहेत.

पहिली रसायनांची. वाफेत काय आहे आणि किती आहे, हे मोजतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये तंबाखू व तिच्या धुरातील ९३ घातक किंवा घातक असू शकणाऱ्या द्रव्यांची यादी केली. कार्बन मोनॉक्साइड, फॉर्मल्डिहाइड, बेंझोपायरीन, नायट्रोसमाइन ही त्यातलीच.

दुसरी जिवाणूंची आणि पेशींची. यातली प्रसिद्ध चाचणी ब्रूस एम्स या शास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात तयार केली. तिच्यात साल्मोनेला जिवाणूंची अशी जात घेतात की जिला हिस्टिडिन हे द्रव्य स्वतः बनवता येत नाही, म्हणून ते न मिळाल्यास तिची वाढ होत नाही. संशयित पदार्थाने तिच्या जनुकांत बदल घडवले तर काही जिवाणूंना ती शक्ती परत मिळते आणि बशीत ठिपके उगवतात. ठिपके जितके जास्त तितका पदार्थ जनुके बिघडवणारा. पण ही चाचणी पार केलेला पदार्थ हृदयाला किंवा फुफ्फुसाला सुरक्षित आहे असे ती सांगत नाही. तिला तो प्रश्नच विचारलेला नसतो.

तिसरी पायरी प्राण्यांची. उंदरांना तीन महिने तो धूर किंवा ती वाफ देऊन नाक, घसा आणि फुफ्फुस तपासतात. चौथी माणसाच्या लघवीची, रक्ताची आणि श्वासाची. शरीरात निकोटिनपासून बनणारे कोटिनिन किती, कार्बन मोनॉक्साइड किती, हे त्यातून कळते. पाचवी पायरी काळाची. हजारो लोकांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून कोण आजारी पडते ते पाहायचे. यंत्राने मात्र ही पायरी लवकर चढता येत नाही. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचे नाते डॉल आणि हिल यांनी १९५० मध्ये आकड्यांनिशी मांडले, तोवर सिगारेट घरोघरी पोहोचून कितीतरी वर्षे झाली होती.

पहिल्या चार पायऱ्यांवर न जळणारी उत्पादने सिगारेटपेक्षा बरी ठरतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जळणे नाही म्हणजे टार आणि कार्बन मोनॉक्साइड पुष्कळ कमी. पण जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने तंबाखू तापवणाऱ्या एका उपकरणाला परवानगी देताना शब्द तोलून वापरले. सिगारेट पूर्ण सोडून याकडे वळल्यास घातक द्रव्यांशी येणारा संपर्क कमी होतो, एवढेच म्हणण्याची मुभा दिली. रोगाचा धोका कमी होतो असे म्हणण्याची मुभा दिली नाही, कारण तेवढा पुरावा त्यांच्यापुढे नव्हता.

पंच्याण्णव टक्के कुठून आले?

भाच्याचा आकडा हवेतला नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०१५ मध्ये तो छापला. पण त्याचे मूळ कोणत्याही यंत्रात नाही. काही तज्ज्ञ एकत्र बसले, निरनिराळ्या तंबाखू उत्पादनांना हानीचे गुण दिले आणि त्या गुणांची गोळाबेरीज २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे तो जाणकारांचा अंदाज आहे, मोजमाप नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१५ मध्येच या आकड्याच्या पायावर कडक टीका केली होती.

आणखी एक गोष्ट. भाच्याची सिगारेट पूर्ण सुटलेली नाही. घरी व्हेप आणि कंपनीच्या गेटबाहेर सिगारेट, दिवसाला दोन-तीन. त्याला वाटते, वीसवरून तीनवर आलो म्हणजे धोका सातपट कमी झाला. हृदयाचा हिशेब असा चालत नाही. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार दिवसाला वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जो जादा धोका येतो, त्याचा जवळजवळ अर्धा धोका फक्त एका सिगारेटने येतो.

पोटाला चालते ते फुफ्फुसाला चालेलच असे नाही

“यातले फ्लेवर खाण्याचेच असतात,” हाही एक नेहमीचा दावा. लोण्याचा वास देणारे डायअसिटिल हे द्रव्य खाण्यात सर्रास वापरले जाई. २००० साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात पॉपकॉर्नच्या कारखान्यातील कामगारांना फुफ्फुसांचा गंभीर आजार झाल्याचे उघड झाले. ते द्रव्य त्यांनी खाल्ले नव्हते. त्याची वाफ पाळीभर श्वासातून घेतली होती.

२०१९ मध्ये तिथेच व्हेपिंगमुळे फुफ्फुसे निकामी होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ लोक रुग्णालयात दाखल झाले किंवा मरण पावले आणि मृतांचा आकडा ६८ होता. मुख्य संशय ‘ई’ जीवनसत्त्वाच्या एका प्रकारावर गेला. बाजारातल्या, बहुतेक गांजाच्या अर्काच्या, कार्ट्रिजमध्ये ते भेसळ म्हणून घातलेले होते. तेच द्रव्य गोळीत आणि त्वचेच्या क्रीममध्ये निर्धोक असते.

हातातली वस्तू कोणी तपासली?

आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट, तापवून ओढायची तंबाखू उपकरणे आणि ई-हुक्का यांचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर बंदी आहे. साठा सोडून इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदी बरोबर की चूक यावर मते वेगळी असू शकतील. पण त्याचा एक सरळ अर्थ भाच्याला आम्ही त्याच्याच धंद्याच्या भाषेत विचारला, “तुमच्या कंपनीत बॅच नंबर नसलेला पार्ट पास करतोस का?”

“नाही.”

“मग याचा बॅच नंबर दाखव.”

त्याने वस्तू उलटसुलट करून पाहिली. आंब्याचे चित्र होते, बाकी काही नव्हते. कुठे बनली, आत काय भरले, तापणारी तार कसल्या धातूची, कशाचाच पत्ता नाही. लंडनमधल्या तज्ज्ञांनी गुण दिले ते दुसऱ्याच मालाला. चाचणीचा निकाल चाचणी झालेल्या नमुन्याचा असतो, नावाचा नसतो.

अम्मींची मिश्रीची डबी

इथवर बोलणे आले तेव्हा भाचा हळूच म्हणाला, “आणि नानीच्या मिश्रीचं काय? तिलाही धूर नाही.”

आम्ही गप्प झालो, कारण मुलाचा प्रश्न रास्त होता. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले आणि ओढणारे फक्त ३.८ टक्के. आपल्याकडचा खरा ‘बिनधुराचा’ प्रकार व्हेप नाही. तंबाखू-चुना, जर्दा, लपून विकला जाणारा गुटखा आणि मिश्री हा आहे.

त्याची तपासणी झालेली आहे आणि आपल्याच माणसांनी केलेली आहे. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मिश्रीवर एम्स चाचणी केली आणि प्राण्यांवरही प्रयोग केले. मिश्री जनुके बिघडवणारी आणि कर्करोगकारक निघाली. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजली की धुरातली काही विषे त्या भुकटीतच तयार होतात. २००५ मध्ये मुंबईचे डॉ. प्रकाश गुप्ता आणि अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे संशोधक यांनी भारतीय बाजारातील जर्दा, खैनी, गुटखा आदी मालाची तपासणी प्रसिद्ध केली. एनएनएन या कर्करोगकारक द्रव्याचे प्रमाण ग्रॅममागे १.७४ पासून ७६.९ मायक्रोग्रॅमपर्यंत आढळले. एका पुडीत आणि दुसऱ्या पुडीत चाळीस पटींहून जास्त फरक, आणि घेणाऱ्याला तो ओळखण्याचा काही उपाय नाही.

मग करायचे काय?

निकोटिनची तलफ खरी असते, तिला नुसत्या उपदेशाने हरवता येत नाही. पण औषध म्हणून तपासलेले पर्याय आहेत. निकोटिनचे गम आणि पट्ट्या २००९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. त्यांत मात्रा ठरलेली असते, बॅच नंबर असतो आणि काही आठवड्यांत ती मात्रा उतरवत न्यायची असते. डॉक्टरांना विचारून घ्यावे. गरोदर बहिणींनी आणि हृदयरोग्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत फोन क्रमांक १८००-११-२३५६ आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड उघडताना आखडणे, यांपैकी काही असेल तर आपल्या शहरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तिथे दाखवायला उशीर करू नये.

आणि आपल्या घरांना रमजानची सवलत आहे. जो माणूस सेहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास तंबाखूशिवाय राहतो, त्याने निम्मी लढाई रोजच जिंकलेली असते. खजुरानंतर दुसरा हात खिशाकडे जातो, तेवढा तो अडवायचा. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. वर्षभर तंबाखूचा धूर घेतला नाही तर हृदयविकाराचा जादा धोका जवळजवळ अर्ध्यावर येतो.

भाच्याने त्या रात्री काही वचन दिले नाही आणि आम्हीही मागितले नाही. गेल्या जुम्याला त्याचा फोन आला. आंब्याची ती वस्तू बंद केली आहे, गम सुरू आहे, तोंड कडू होते, रात्रपाळीत चिडचिड होते. मग म्हणाला, “मामू, नानीची डबी मी उचलली तर ती रागावेल. तुम्ही बोला ना तिच्याशी.”

हे काम आता आमच्याकडे आहे. अम्मी सत्तरीच्या आहेत, पन्नास वर्षांची सवय आहे. पुढच्या रविवारी आम्ही बजाजनगरला जात आहोत. दुआ करा.