डोळा एकच, खुंट वेगळे

बाजार मोबाइलातला : लेखांक ७

एक धड व्हिडिओ तयार करायला छोट्या व्यावसायिकाचे किती तास जातात, याचा हिशेब गेल्या लेखांकात मांडला होता. तो वाचून पुढचा प्रश्न साहजिकच येतो: एवढा घाम गाळून केलेली गोष्ट एकदाच का वापरायची? तीच इन्स्टाग्रामवर, यूट्यूबवर, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला आणि फेसबुकवर टाकून मोकळं का होऊ नये? बहुतेक जण करतात ते हेच, आणि चार ठिकाणी टाकूनही फोन वाजत नाही म्हणून दोष ऑनलाइन जाहिरातीला देतात. माझं म्हणणं असं की जुना मजकूर पुन्हा वापरायलाच हवा. फक्त तो उचलून ठेवायचा नसतो, त्याचं कलम करायचं असतं. कलम हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. लोणी काळभोर मागे टाकून सोलापूर रस्त्याने कुंजीरवाडी, सोरतापवाडी करत उरुळी कांचनकडे निघालं की रस्त्याकडेच्या नर्सऱ्यांत हे काम रोज हातांनी चालतं. म्हणून आजचं उदाहरणही तिथलंच घेऊ.

गुलाबाचं रोप बहुधा डोळा भरून तयार करतात. रानटी, काटक जातीचा खुंट घ्यायचा, त्याच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद द्यायचा, हव्या त्या वाणाचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, सालीसकट काढून त्या छेदात बसवायचा आणि पट्टीने घट्ट बांधायचा. डोळा फुटला की खुंटाचा वरचा भाग छाटून टाकायचा. फूल कोणतं येणार हे डोळा ठरवतो, पण झाड जमिनीत उभं राहतं ते खुंटाच्या मुळांवर. एका चांगल्या फांदीवरून असे अनेक डोळे निघतात आणि प्रत्येकाला स्वतःचा खुंट लागतो. मजकुराचंही तसंच आहे. सांगायची मूळ गोष्ट हा डोळा. इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, गूगलचा शोध हे वेगवेगळ्या मातीत वाढलेले खुंट. फांदी तोडून नुसती चार कुंड्यांत खोचली तर त्यातली एखादी जगेलही, पण त्या भरवशावर धंदा होत नाही.

समजा, एका नर्सरीवाल्याकडे सांगण्यासारखी एकच पक्की गोष्ट आहे: विकत नेलेल्या गुलाबाला दीड-दोन वर्षांनी फुलं येईनाशी का होतात. याचं एक नेहमीचं कारण असं की डोळा भरलेल्या जागेच्या खालून, म्हणजे खुंटातून, फुटवा येतो. तो जोमदार असतो, दिसायलाही तजेलदार, त्यामुळे घरधनी खूश होऊन त्याला वाढू देतो. काही महिन्यांत तोच सगळं अन्न ओढून घेतो आणि भरलेला डोळा मागे पडत मरतो. ‘सात पानांची फांदी दिसली की ती खुंटाची’ असं सर्रास सांगितलं जातं, पण त्यावर विसंबता येत नाही, कारण काही चांगल्या वाणांनाही सात पानं येतात. खरी खूण पानांत नसून फुटवा कुठून निघाला त्या जागेत असते. कुंडीतली माती बोटांनी बाजूला सारायची, कलमाचा सांधा शोधायचा, त्याच्या खालून आलेला फुटवा असेल तर तो कात्रीने वरवर न कापता बुडाशी धरून खाली ओढून काढायचा. वरवर कापला तर बुडाशी उरलेले डोळे पुन्हा फुटतात.

ही माहिती एकदा पाच मिनिटांच्या व्हिडिओत नीट सांगितली की ती झाली डोळे काढायची फांदी. आता गिऱ्हाईक पाहा. पुण्याहून गाडी काढून आलेलं, गॅलरीत चार कुंड्या असलेलं जोडपं इन्स्टाग्रामवर आहे. त्यांच्यासाठी उभी, पाऊण मिनिटाची रील, ज्यात फक्त माती सारणारी बोटं, सांधा आणि ओढून काढलेला फुटवा दिसतो. दौंड-इंदापूरकडून शेकड्याने रोपं न्यायला आलेल्या शेतकऱ्याला कुंडीतली बोटं दाखवून उपयोग नाही. त्याला मजुराला काय सांगायचं ते हवं, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या बोलीतला मिनिटभराचा ऑडिओ आणि सोबत सांध्याचा एक जवळून घेतलेला फोटो. बंगल्यांच्या बागा करणाऱ्या ठेकेदाराला यातलं सगळं ठाऊक असतं. त्याला ‘आमच्या रोपांचा सांधा जमिनीपासून किती वर असतो’ एवढंच दाखवलं तरी पुरे. आणि चौथा गिऱ्हाईक अजून आलेलाच नाही. तो रात्री मोबाइलवर ‘गुलाबाला फुले येत नाहीत’ असं टाइप करतोय. त्याच्यासाठी नेमक्या त्याच शब्दांचं शीर्षक असलेला लेखी मजकूर लागतो. ‘गुलाब-संवर्धनातील समस्या व उपाय’ हे शीर्षक कृषी प्रदर्शनात शोभेल, त्या रात्रीच्या शोधात सापडणार नाही.

हे काही नव्या जमान्याचं शहाणपण नाही. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनेल, या समजुतीपायी शेतकरी ज्या काळात तो घ्यायला कचरत होते, त्या काळात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर विकले. 1910 मध्ये वसवलेल्या किर्लोस्करवाडीतून 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. कारखान्याच्या मालाची माहिती आणि बातम्या देणारं ते पत्रक, संपादक शंकरराव किर्लोस्कर. गंमत म्हणजे अमेरिकेत नांगराच्याच कारखान्याने, जॉन डिअर कंपनीने, 1895 मध्ये ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचं नियतकालिक सुरू केलं होतं. नांगर विकायचा तर आधी शेतीविषयी बोलावं लागतं, हे दोन्हीकडे उमगलं होतं. पुढे ‘खबर’ हा शब्द गळला, ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ आलं. विज्ञाननिष्ठ, स्वावलंबी आयुष्याचा एकच आग्रह तिन्हींत होता. तरी शंकररावांनी एकाच अंकाची तीन मुखपृष्ठं छापली नाहीत. वाचक बदलला तशी भाषा बदलली, विषयाची बाजू बदलली. आजचा एखादा जाहिरात सल्लागार याला भारदस्त नाव देऊन शुल्क आकारेल.

याउलट नुसतं उचलून ठेवलं तर माध्यमंच ते ओळखतात. दुसऱ्या अ‍ॅपचा छाप असलेल्या रील्सची शिफारस कमी होईल, हे इन्स्टाग्रामने फेब्रुवारी 2021 मध्येच जाहीर केलं. एकच मजकूर अनेक पत्त्यांवर असला म्हणून गूगल दंड करतं, ही मात्र पसरलेली भीती आहे. बहुतेक वेळा गूगल त्यातली एक प्रत शोधात दाखवायला निवडतं, एवढंच. पण ती प्रत तुमच्या संकेतस्थळावरची असेलच असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा खुंट तर आणखी वेगळा. स्टेटस चोवीस तासांत जातं, आणि ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवलेला संदेश ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जपून ठेवला आहे त्यालाच पोचतो. मग सर्वांत आधी करायचं काम रील काढण्याचं उरत नाही. रोप पिशवीत घालून देताना ‘नंबर सेव्ह करा, खताची वेळ कळवतो’ एवढं म्हणावं लागतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ही शिळ्या कढीला ऊत आणण्याची युक्ती आहे, लोकांना तेच तेच पाहून वीट येईल. तो खोटा नाही, पण अर्धाच आहे. तुकोबांची पालखी पुण्यानंतर लोणी काळभोरला मुक्कामाला येते. मुक्कामी कीर्तन होतं, आणि वारकरी कीर्तनात एक अभंग घेऊन त्याचंच निरूपण होतं. समोरच्या कित्येकांना तो अभंग पाठ असतो आणि तरी कुणी उठून जात नाही, कारण लोक आलेले असतात ते निरूपण ऐकायला. वीट येतो तो निरूपणाशिवाय तोच अभंग पुन्हा म्हटला तर. शिवाय ठेकेदार इन्स्टाग्रामवर तुमची रील पाहील आणि रात्री गूगलवर तुमचाच लेखही शोधेल, असं घडण्याची शक्यता किती? आपला मजकूर सगळीकडे पाहणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो, आपण स्वतः.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. पावसाळ्याच्या तोंडावर, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, पाच माध्यमांसाठी पाच कलमं बांधायला वेळ कुणाला? कुणालाच नाही, आणि म्हणून पाच करूच नयेत. गिऱ्हाईक ज्या दोन ठिकाणी खरोखर आहे ती दोन निवडावीत, बाकीची रिकामी राहिली तरी चालतील. लांब व्हिडिओतून रील कापून देणारी, मजकुराची उभी-आडवी मांडणी करणारी यंत्रं आता मिनिटात काम करतात, मग अडचण कसली, असंही विचारलं जातं. कापण्याचं काम ती करतातच. पण पाच मिनिटांतली कोणती वीस सेकंदं शेतकऱ्याची आणि कोणती गॅलरीवाल्याची, हे नर्सरीत उभ्या असलेल्या माणसाला कळतं. त्याने ते सांगितलं नाही तर यंत्र सर्वांत जास्त हालचालीचा तुकडा कापून देतं, आणि त्यात सांधा दिसत नाही.

आणि खुंटाचा फुटवा इथेही येतो. एखादं गाणं जोरात चाललंय म्हणून त्यावर रील, एखादा विनोद फिरतोय म्हणून त्यावर रील. पाहणारे वाढतात, फांदी तजेलदार दिसते, आणि महिनाभरात त्या खात्यावर गुलाबाची गोष्टच उरत नाही. माध्यमाच्या मुळांवर उभं राहायचं, पण माध्यमाचा फुटवा वाढू द्यायचा नाही. तो कसा ओळखायचा? पुन्हा जागेवरूनच. हा व्हिडिओ आपल्या गिऱ्हाइकाने विचारलेल्या प्रश्नातून निघाला की माध्यमाच्या हवेतून, एवढं माती सारून पाहावं.

जुनं पुन्हा वापरण्यात एक धोका मात्र राहतोच, भावाचा. व्हिडिओत तोंडाने सांगितलेला किंवा पडद्यावर छापलेला रोपाचा भाव पुढच्या मोसमातही तसाच बोलत राहतो, आणि गिऱ्हाईक मोबाइल पुढे धरून त्याच भावाने रोप मागतं. म्हणून भाव, ऑफर, सणाची सूट आणि बदलू शकेल असा फोन नंबर मूळ चित्रणात घेऊच नये. ते कॅप्शनमध्ये लिहावं, तिथे ते बदलता येतं. चित्रणात राहू द्यावीत ती माती, बोटं आणि सांधा.