संसार गाडीवर चढण्यापूर्वी
उंबरठा ओलांडताना : लेखांक ४

संसारातील कोणती वस्तू सोबत न्यावी आणि कोणती आप्तेष्टांच्या स्वाधीन करून निघावे, याचा विचार आपण गेल्या आठवड्यात केला. जे न्यायचे ठरले ते कोणाच्या हाती सोपवावे, हा त्याहून नाजूक प्रश्न आज घेऊ.

ज्या काळी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी येडशीवरून लातूरकडे जात असे आणि धाराशिव गाव मात्र लोहमार्गापासून दूर होते, त्या काळी बिऱ्हाड हलवायचे म्हणजे बैलगाडी जोडावी लागे, आणि गाडीवानाचे घर, गोत्र व स्वभाव सारे गावाला ठाऊक असल्यामुळे त्याच्याकडून लेखी हमी मागण्याचे कारणच नसे. आज उमरग्याचे कुटुंब सोलापूर-हैदराबाद महामार्गाने हैदराबादेस जाते, कळंबचे वडीलधारे मुलाच्या नोकरीपाठोपाठ पुण्यास जातात, आणि त्यांचे सामान वाहणारा मनुष्य त्यांनी त्या सकाळपूर्वी कधी पाहिलेलाही नसतो. ओळखीची ही जागा आता दस्तऐवजाने भरून काढली पाहिजे.

हे मी पस्तावून सांगतो. आमचे बिऱ्हाड धाराशिवहून पुण्यास हलविताना दूरध्वनीवर ठरलेल्या भाड्याच्या भरवशावर आम्ही गाडी भरू दिली. आणि शहराच्या वेशीवर पोहोचल्यावर, हमाली, जिना व जास्तीचे सामान या सबबींखाली जवळजवळ दीडपट रक्कम मिळाल्याखेरीज ताडपत्री सोडणार नाही, असे आम्हांस ऐकविण्यात आले. मातोश्रींचे तांब्याचे घंगाळ चेपलेले निघाले. परंतु गाडीत चढताना ते शाबूत होते, एवढे सांगणारा कागदाचा एक कपटाही आमच्यापाशी नव्हता.

म्हणून वाहतूकदाराची पारख त्याच्या गोड बोलण्यावरून करू नये; तो काय लिहून देण्यास राजी आहे, यावरून करावी. जो घरी येऊन कपाट, पलंग, शिवणयंत्र, धान्याच्या कोठ्या डोळ्यांनी पाहतो, जिना मोजतो, नव्या घरी गाडी दारापर्यंत पोहोचते की नाही हे विचारतो आणि मगच बांधणी, हमाली, भाडे व कर असा प्रत्येक आकडा वेगळा लिहून देतो, तो थोडा महाग वाटला तरी अखेरीस स्वस्त पडतो. निदान तिघांकडून असे लेखी अंदाज घ्यावेत. एखाद्याचा आकडा फारच उतरता असेल, तर त्याचे कारण विचारावे. पुण्याहून माल घेऊन आलेली गाडी रिकामी परतण्याऐवजी कमी भाड्यात सामान नेते, हे रास्त कारण होय. परंतु आपले सामान इतरांच्या मालासोबत वाटेतल्या गोदामात उतरवून दुसऱ्या गाडीत चढविले जाणार असेल, तर फुटतूट आणि विलंब यांची शक्यता वाढते, आणि ही गोष्ट आधीच समजून घेतली पाहिजे.

कायदाही येथे आपल्या पाठीशी आहे. १८६५ चा वाहतूकदारांविषयीचा जुना कायदा रद्द करून आलेला २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा १ मार्च २०११ पासून अमलात आहे, आणि त्यान्वये असा व्यवसाय करणाऱ्याने नोंदणी प्रमाणपत्र घेणे बंधनकारक आहे. ते दाखविण्याची विनंती करण्यात संकोच नसावा. माल सोपविताना आपण मालाचे वर्णन व किंमत लिहून द्यावयाची आणि त्याने आपणांस पावती, म्हणजे व्यवहारातील बिल्टी, द्यावयाची असते. ही किंमत निष्काळजीपणे लिहू नये. जादा जोखमीचा दर ठरविला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते, आणि तीही आपण लिहिलेल्या किमतीच्या पलीकडे जात नाही. अर्थात २०,००० रुपये भाड्यावर ही मर्यादा २ लाखांची असली, तरी ज्याने सामानाची किंमत ५०,००० लिहिली त्याचा हक्क ५०,००० पाशीच थांबतो.

विम्याच्या नावाने काही टक्के आकारले जात असतील, तर विमा कंपनीच्या नावाची पॉलिसी हातात पडते की नाही, याची खातरजमा करावी. वाहतूकदाराने आपल्याच पावतीवर लिहिलेला 'विमा' हा शब्द म्हणजे विमा नव्हे. नाक्यावरच्या खर्चाची भीती कोणी घातल्यास हेही ध्यानात असू द्यावे की, वापरातील घरगुती सामानाला ई-वे बिलाची आवश्यकता नाही, आणि मुंबईची जकातदेखील १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा संपुष्टात आली.

सामान उतरताना प्रत्येक नग यादीशी ताडून पाहावा, आणि मोडतोड आढळल्यास तिचा उल्लेख केल्याखेरीज पोचपावतीवर सही करू नये. नुकसानीबद्दल दावा लावण्यापूर्वी, माल नोंदविल्याच्या दिनांकापासून १८० दिवसांच्या आत, वाहतूकदारास लेखी नोटीस पोहोचली पाहिजे. ही मुदत हुकली की न्याय्य दावाही दुबळा होतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदारास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाण्याची मुभा दिली आहे. पुण्यास स्थायिक झालेल्याने तक्रारीसाठी धाराशिवचे हेलपाटे घालण्याची गरज उरलेली नाही.

या जून महिन्यात शाळा उघडण्यापूर्वी ज्यांचे बिऱ्हाड हलणार आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, गाडी दारात उभी राहण्याच्या आदल्या रात्री घरातील सर्वांनी एकत्र बसून सामानाची यादी दोन प्रतींत लिहावी, प्रत्येक जिनसेपुढे तिची स्थिती नोंदवावी, आणि सकाळी पहिला नग उचलला जाण्याआधी वाहतूकदाराची सही दोन्ही प्रतींवर घ्यावी.