गोठलेली लस टाकून का द्यावी लागते?

“मुदत शिल्लक असताना लसीच्या कुप्या रद्द का केल्या?” असा प्रश्न यंदा साठ्याचे हिशेब तपासताना एका विश्वस्तांनी विचारला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मलाही प्रथम ते निव्वळ नुकसानच वाटले होते. कारण समजल्यावर मत बदलले. ते आपणांसमोर मांडीत आहे.

धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला, हिपॅटायटिस-बी यांवरील लसी पाण्यासारख्या नितळ नसतात. त्यांत ॲल्युमिनियमच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण असून लसीचा मुख्य घटक त्यांना चिकटलेला असतो. या क्षारामुळे लस अधिक परिणामकारक होते, हे ग्लेनी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२६ साली दाखविले. कणांवर सारखाच विद्युत्‌भार असल्याने ते एकमेकांना दूर ठेवतात. कुपी स्थिर ठेवली की ते तळाशी बसतात. हलविली की पुन्हा सर्वत्र पसरतात.

लस गोठली की मात्र चित्र पालटते. पाण्याचे बर्फ होताना कण उरलेल्या थोड्या द्रवात रेटले जातात, परस्परांवर दाबले जातात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. बर्फ वितळला तरी त्या सुटत नाहीत. लसीची शक्ती घटते. बाळाला सुई टोचली जाते, कार्डावर नोंद होते. संरक्षण मात्र मिळालेले नसते आणि ते कोणालाच कळत नाही.

गोठलेली आढळलेली कुपी थेट रद्द होते. केवळ शंका असल्यास परिचारिका त्याच उत्पादकाची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवितात. दोन्ही कुप्या हलवून शेजारी ठेवतात व अर्ध्या तासापर्यंत निरीक्षण करतात. गुठळ्या जड असल्याने लवकर तळाशी बसतात. शंकित कुपीतील साका मुद्दाम गोठविलेल्या कुपीइतक्याच किंवा अधिक वेगाने बसला, तर ती लस वापरली जात नाही.

तोंडावाटे देण्याची पोलिओची लस गोठविलेली चालते. म्हणून “जितके थंड तितके चांगले” असा समज होतो. वरील लसींना २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानच हवे. पालकांनी विकत आणलेली अशी लस बर्फाला चिकटवून आणू नये, घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यातही ठेवू नये, ही विनंती.

देणगीदारांच्या साहाय्याने घेतलेले शीतकपाट, तापमापक आणि दिवसातून दोनदा भरली जाणारी तापमान-नोंदवही यांचे मोल यातून ध्यानी यावे. रद्द झालेल्या कुपीची किंमत हिशेबात दिसते. निकामी लस टोचली गेली असती, तर ते नुकसान कोणत्याच खात्यात दिसले नसते.