पान उलटलं की लंका

नांदगाव तिठ्यावर देवगडवाले उजवीकडे वळतात. आपण वळायचं नाही. महामार्गानं सरळ कणकवली, मग कुडाळ मागं टाकलं की पिंगुळी येतं. राऊळ महाराजांच्या मठासाठी लोक इथं येतात आणि दर्शन घेऊन परततात. त्याच गावातल्या गुढीपूर वस्तीत एक कलादालन आहे, आणि ते मुळात गुरांचा गोठा होतं. परशुराम विश्राम गंगावणे यांनी २००६ साली तिथं 'ठाकर आदिवासी कला आंगण' मांडलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आत चित्रकथीची चित्रं आहेत, कळसूत्री बाहुल्या आहेत, चामड्याच्या बाहुल्या आहेत. पण भिंतीवरचं चित्रकथीचं चित्र म्हणजे खुंटीला टांगलेली वीणा. ते मुळी टांगण्यासाठी काढलेलंच नाही; ते गाऊन कथा सांगताना दाखवायचं.

एका आख्यानाची एक पोथी. पोथी म्हणायची, पण ती शिवलेली नसते. सुट्या चित्रांचा गठ्ठा असतो, आणि दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी जमिनीवर बसतो, समोर फळीला चित्र टेकवतो आणि वीणेवर गायला लागतो. साथीला हुडूक आणि टाळ. गाणं थांबतं, गद्यात कथा पुढं सरकते, पुन्हा गाणं. प्रसंग संपला की हात पुढं होतो, चित्र उलटतं, आणि पंचवटीत बसलेले आपण लंकेत असतो!

इथं प्रदर्शन आणि कार्यक्रम वेगळे नाहीतच. शहरातल्या गॅलरीत कुठल्या चित्रासमोर किती वेळ रेंगाळायचं ते आपण ठरवतो. इथं ते कथेकरी ठरवतो. म्हणून की काय, चित्रंही तशीच घडली आहेत: चेहरे एका बाजूनं दिसणारे, डोळे टपोरे, रेषा ठाम, मागची जागा बरीचशी मोकळी. दिव्याच्या उजेडात, चार हात लांबून ओळखू यावीत अशी. आणि मोकळ्या जागेतलं रान, रात्र, वारा हे सगळं गाण्यानं भरायचं, असं मला वाटतं.

बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख सापडतो. ही कला जपणाऱ्या पिंगुळीच्या ठाकर समाजाला पुढं सावंतवाडीकर भोसल्यांचा आश्रय मिळाला. पण खरी गंमत शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाहिल्यावर कळते. अडचण सगळ्यांची एकच: चित्र हलत नाही, कथा मात्र थांबत नाही. राजस्थानात पाबूजी या लोकदेवाच्या कथेचा चित्रमय फड सबंध कापडावर एकाच वेळी पसरलेला असतो, तिथं दिवा फिरतो. बंगालचा पटुआ गुंडाळी उलगडत जातो, तिथं पटच सरकतो. जपानमध्ये १९३०च्या दशकात सायकलवर लाकडी चौकट घेऊन फिरणारे कामिशिबाईवाले एकेक चित्र बाजूला ओढत, आणि पोरांना गोळ्याही विकत. पिंगुळीकरांनी पान उलटलं.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत, याचं मला सर्वांत नवल वाटतं. चामड्याची बाहुली म्हणजे पानातून कापून काढलेलं चित्रच की! मागं दिवा, पुढं पांढरा पडदा, आणि आता सावलीचा हात खरोखर हलतो. कळसूत्री बाहुलीत त्याच पात्राला अंग येतं, कपडे येतात, ती दोऱ्यांवर नाचते. स्थिर चित्र, हलती सावली, सगुण पात्र: तिन्ही एकाच वस्तीत, एकाच समाजाकडे. आधी काय आणि नंतर काय, हा वाद अभ्यासकांना लखलाभ. मणी कौल यांच्यासारख्या दिग्दर्शकानं १९७७ साली 'चित्रकथी' नावाचा माहितीपट करावा, यात मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. सिनेमावाल्याला इथं आपलेच पूर्वज भेटले असणार.

आता बाहुल्या लोकजागृतीचे विषयही मांडतात. ते योग्यच. पण गेलात तर नुसते फोटो काढून निघू नका. एखादं आख्यान लावायला सांगा, थोडं का होईना. आणि बसा फळीच्या अगदी समोर, म्हणजे पान उलटणारा हात नीट दिसेल.